श्वित्र, कोड आणि महारोग : एका चिरकारी रोगाच्या उपचाराचा इतिहास

कर्जत स्टेशनालगत, उल्हास नदीच्या कांठीं दहिवली हें गांव आहे. पूर्वेस बोरघाटाची रांग, पश्चिमेस माथेरानचा डोंगर, आणि मध्यें भातखाचरांचा सखल मुलूख, अशी या भागाची ठेवण आहे. इ. स. १८८२ त ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर प्रसिद्ध झालें तेव्हां कर्जत त्या जिल्ह्यांत मोडत असे. पुढें तें कुलाब्यांत आलें, व कुलाब्याचें नांव इ. स. १९८१ त रायगड असें झालें. या मुलखांतील एखाद्या माणसाच्या अंगावर पांढरा डाग उमटला, तर गेल्या दोनअडीचशें वर्षांत त्याच्यापुढें उपचाराचे कोणते मार्ग होते, आणि त्यांपैकीं कोणते मार्ग खरे होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वैद्यकाचा दिसला तरी त्याचीं साधनें आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचींच आहेत : संहिताग्रंथ, धर्मनिबंध, घरोघरचीं वैद्यकी बाडें आणि सरकारी कागद.

प्रथम नांवांचा घोळ उलगडणें अवश्य आहे. कारण या रोगाच्या इतिहासांत औषधानें जितकें झालें, तितकेंच नांवानेंही झालें आहे. मराठींत ज्यास कोड किंवा पांढरें कोड म्हणतात, त्यास संस्कृतांत श्वित्र अथवा किलास असे शब्द आहेत. कोड हा शब्द मात्र श्वित्रापासून आलेला नाहीं. तो ‘कुष्ठ’ या शब्दाचें प्राकृतांतून आलेलें रूप आहे. त्याच रूपापासून निघालेला हिंदींतील ‘कोढ’ हा शब्द रक्तपितीचा, म्हणजे महारोगाचा, वाचक आहे. एकाच मूळ शब्दाच्या दोन शाखा. एक विंध्याच्या उत्तरेस महारोगावर बसली, दुसरी दक्षिणेस निरुपद्रवी पांढऱ्या डागावर. उत्तरेकडून आलेल्या पोथीवरून उतरलेल्या मराठी नकलेंत, किंवा हिंदी ग्रंथाच्या मराठी भाषांतरांत, ‘कोड’ दिसल्याबरोबर तें पांढरें कोडच आहे असें धरून चालणें धोक्याचें असतें तें यामुळें. इंग्रजींतील ‘व्हाइट लेप्रसी’ या शब्दानें हा घोळ आणखी वाढविला. हिब्रू धर्मग्रंथांतील ‘त्साराअथ’ या व्यापक शब्दाचें ग्रीक भाषांतरांत ‘लेप्रा’ झालें, आणि तेथून बर्फासारख्या पांढऱ्या त्वचेचें वर्णन महारोगाच्या माथीं बसलें. त्या संस्कारांत वाढलेले युरोपीय अंमलदार हिंदुस्थानांत आले तेव्हां बाजारांत बसलेला पांढऱ्या डागांचा माणूस त्यांस बायबलांतला महारोगी वाटला, यांत नवल नाहीं.

आमच्या प्राचीन वैद्यांस हा भेद ठाऊक होता काय? होता, आणि तो त्यांनीं नेमक्या शब्दांत मांडला आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांत पांचव्या अध्यायीं किलास हा कुष्ठाचाच एक प्रकार म्हणून सांगितला आहे खरा. परंतु लगेच दोहोंमधील अंतर दिलें आहे, तें असें कीं किलास त्वचेपुरतें राहतें व त्यांतून स्राव होत नाहीं. हें लक्षण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें इंग्रजी कायद्याच्या संबंधांत त्याची पुन्हा गांठ पडणार आहे. चरकानें चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायांत दारुण, चारुण व श्वित्र अशीं किलासाचीं तीन नांवें देऊन दोष रक्तांत असतां डाग तांबूस, मांसांत असतां ताम्रवर्ण, व मेदांत असतां पांढरा, अशी पायरी लावली आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत श्वित्राची चिकित्सा कुष्ठाच्या अध्यायांत न ठेवतां कृमिचिकित्सेबरोबर निराळ्या अध्यायांत ठेविली, ही गोष्टही भेदबुद्धीचीच द्योतक आहे. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं इ. स. १८८० त मुंबईस छापलेल्या अष्टांगहृदयामुळें हा ग्रंथ महाराष्ट्रांतील वैद्यांच्या हातीं सुलभपणें आला.

वाग्भटाचें साध्यासाध्यविवेचन आज वाचतांना आश्चर्य वाटतें. ज्या डागावरील केंस पांढरे झालेले नाहींत, जो नवा आहे, विरळ आहे, एकमेकांत मिसळलेला नाहीं, आणि भाजल्यामुळें आलेला नाहीं, तो साध्य. गुह्यभाग, तळहात व ओंठ यांवरील डाग नवा असला तरी सोडून द्यावा, असा त्याचा अभिप्राय आहे. आधुनिक त्वचाशास्त्र सांगतें कीं, त्वचेस रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या म्हणजे कोड होतें, आणि रंग परत येतो तो बहुतांशीं केसांच्या मुळांशीं शिल्लक राहिलेल्या पेशींपासून. म्हणूनच रंग परततांना प्रथम डागाच्या आंत केसांच्या मुळाभोंवतीं काळे ठिपके दिसतात. केंसच पांढरा झाला म्हणजे तें भांडार रिकामें झालें. आणि तळहात व ओंठ यांवर तर केंसच नाहींत. सूक्ष्मदर्शकाशिवाय केवळ रुग्ण वर्षानुवर्षें पाहून हा नियम बसविणाऱ्यांची निरीक्षणशक्ति केवढी असेल! मात्र असा एक मेळ बसला म्हणून सर्वच मेळ बसतील असें मानूं नये. चरकानें या रोगाचीं कारणें सांगतांना असत्य भाषण, कृतघ्नता, देवनिंदा, पूर्वजन्मींचें पातक व विरुद्धाहार हीं एका ओळींत घातलीं आहेत. त्यांतील विरुद्धाहाराचें कलम कोंकणांत फार घट्ट रुजलें. मासळी व दूध एकत्र खाल्ल्यानें कोड फुटतें ही समजूत आजही ऐकूं येते, आणि कोड असलेल्या मुलास आंबट बंद करण्यांत कित्येक घरांतून वर्षें जातात. त्यास शास्त्राचा आधार मिळालेला नाहीं. रोगाचें कारण शरीराच्या रक्षकपेशींनीं आपल्याच रंगपेशींवर चाल करणें हें आहे; तो स्पर्शानें जात नाहीं, आणि अन्नानें येत नाहीं.

वैद्यकाहून जुना पुरावा अथर्ववेदाचा. पहिल्या कांडांतील तेविसावें व चोविसावें हीं दोन सूक्तें किलासाच्या निवारणार्थ आहेत. रात्रीं उगवलेल्या, काळ्या वर्णाच्या वनस्पतीनें आपला रंग डागास द्यावा, अशी त्यांत प्रार्थना आहे. कौशिकसूत्रांत विनियोग दिला आहे तो असा : डाग शेणानें लाल होईपर्यंत घासावा व मग औषधींचा लेप द्यावा. टीकाकारांनीं या औषधी म्हणून भृंगराज, हळद, इंद्रवारुणी व नीलिका हीं नांवें घेतलीं आहेत. म्हणजे माका, हळद, कडू इंद्रावण व नीळ. त्वचा घासून लाल करणें व मग रंगद्रव्य लावणें ही कृति पुढें हजारों वर्षें निरनिराळ्या रूपानें चालू राहिलेली दिसते. या सूक्तांचा सायणभाष्यासह शुद्ध पाठ शंकर पांडुरंग पंडित यांनीं सिद्ध केला, व तो इ. स. १८९५ ते १८९८ या काळांत मुंबईस प्रसिद्ध झाला. पंडित स्वतः १८९४ तच निवर्तले होते. पोथ्यांबरोबरच जिवंत अथर्ववेदी वैदिकांचें पठण त्यांनीं प्रमाण धरलें, ही त्यांच्या संपादनाची विशेष गोष्ट होय.

आतां धर्मशास्त्राकडे वळूं. कारण रुग्णाचा जीव या रोगानें जात नाहीं, पण लग्न मोडतें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत विवाहसंबंधास वर्ज्य अशीं जीं कुळें सांगितलीं आहेत, त्यांत श्वित्री व कुष्ठी हे दोघे आहेत. त्याच अध्यायांत पुढें श्राद्धास न बोलवावयाच्या ब्राह्मणांत श्वित्री येतो. आणि अकराव्या अध्यायांत वस्त्र चोरणारास पुढील जन्मीं श्वैत्र्य प्राप्त होतें असा कर्मविपाक सांगितला आहे. वस्त्र चोरलें म्हणून अंगावरचें रंगाचें वस्त्र गेलें, असा हा न्याय! येथें लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी कीं, श्वित्री व कुष्ठी हे शब्द स्मृतिकारानें निरनिराळे योजिले आहेत. भेद त्यासही ठाऊक होता. परंतु भेद ठाऊक असूनही शिक्षा दोघांस एकच दिली. अज्ञानामुळें कोडी माणसाचे हाल झाले असें जें म्हणतात तें म्हणूनच अर्धेंच खरें आहे. प्रतीप राजाचा ज्येष्ठ पुत्र देवापि हा त्वग्दोषामुळें राज्यास मुकला व धाकटा शंतनु गादीवर बसला, ही महाभारतांतील कथा सर्वांस ठाऊक आहे. तो त्वग्दोष कोणता हें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं, व सांगण्याची त्यांस गरजही भासली नाहीं. डाग दिसला एवढेंच पुरे झालें.

उपचाराचा मुख्य भाग दोन वनस्पतींभोंवतीं फिरतो. पहिली मलपू, म्हणजे काकोदुंबर. ही आपल्याकडे काळा उंबर किंवा बोखाडा या नांवानें ओळखली जाते, आणि ओहोळांच्या कांठीं कोंकणपट्टींत विपुल उगवते. चरकाची विधि अशी : प्रथम शरीरशुद्धि, मग मलपूचा रस गुळाबरोबर देऊन रेच, अंगास तेल लावून रुग्णानें सोसेल तितका वेळ उन्हांत बसावें, तीन दिवस पेजेवर राहावें, डागांवर फोड आले म्हणजे ते कांट्यानें फोडून आंतील पाणी काढावें, आणि मग काढे सुरू करावे. दुसरी वनस्पति बाकुची, मराठी बावची. तिचें बीं काळसर, चपटें व उग्र वासाचें असतें. गोमूत्रांत वाटलेली बावची, चौथा हिस्सा हरताळ घालून लावावी, हें सवर्णकरणाचें योग संग्रहग्रंथांत पुनःपुन्हा येतें, आणि मराठी बाडांतून ‘कोडास औषध’ या मथळ्याखालीं जें कांहीं सांपडतें त्याचा गाभा बहुधा हाच असतो.

ऊन आणि फोड यांचा संबंध काय, याचा उलगडा विसाव्या शतकांत झाला. इ. स. १९३३ त म्हैसूर संस्थानांत जोईस, मंजुनाथ व वेंकटराव या रसायनज्ञांनीं बावचीच्या बियांपासून सोरालेन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. त्याआधीं १९२७ त कलकत्त्यास चोप्रा व चतर्जी यांनीं बावचीचे घटक व गुणधर्म तपासले होते; आणि त्याच्याही पूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, कलकत्त्याचेच डॉ. कन्हाईलाल दे यांनीं बावचीच्या तेलकट अर्काची कोडावर शिफारस केली होती. सोरालेन स्वतः रंग देत नाहीं. तें त्वचेंत असतां सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरण पडले म्हणजे त्वचा प्रथम भाजल्यासारखी लाल होते, प्रमाण चुकल्यास फोड येतात, आणि शिल्लक रंगपेशी चेतल्या जाऊन हळूहळू पसरतात. याच वर्गांतील द्रव्यें अंजिराच्या झाडांतही आहेत, व काळा उंबर हा अंजिराचाच सगोत्र होय. चरकानें रस, ऊन व फोड या तिहींची जी सांखळी दिली, तिच्यांतील दुवे आतां रसायनशास्त्राच्या भाषेंत वाचतां येतात. मिसर देशांत हीच विद्या दुसऱ्या एका वनस्पतीवर चालत असे. तिचें द्रव्य फाहमी व अबू-शादी यांनीं १९४७ त वेगळें केलें, आणि १९४८ त एल मोफ्ती यांनीं तें कोडाच्या रुग्णांवर वापरलें. नाईलच्या कांठची व सह्याद्रीच्या पायथ्याची औषधि निराळी, पण गुण एकच.

येथें पाठभेदाचा एक प्रश्न उपस्थित होतो व तो पोथीसंग्राहकांस विशेष महत्त्वाचा आहे. बाकुचीस अवल्गुज, सोमराजी, सोमवल्ली असे पर्याय निघंटूंत आहेत. परंतु वंगदेशांत सोमराजी म्हणून जें बीं विकलें जातें तें बावचीचें नसून आपल्याकडे काळें जिरें किंवा कडू जिरें म्हणतात त्या वनस्पतीचें असतें. ही वस्तुही कोडावर दिली जाते, मध्य आशियांतील हकीमही तिचा उपयोग करीत आले आहेत. पण गुणाचा मार्ग एकच असेल असें धरतां येत नाहीं, आणि मात्रा तर खचित एक नाहीं. म्हणून ‘सोमराजी’ असा शब्द असलेली प्रति कोठल्या प्रांतांत लिहिली गेली, हें ठरविल्याविना तिचा अर्थ ठरत नाहीं. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं वैद्यकग्रंथांच्या कालनिर्णयास जशी शिस्त लावली, तशी शिस्त द्रव्यनामांच्या देशनिर्णयास लागली पाहिजे.

हरताळ हें सोमलयुक्त द्रव्य आहे. तें महिनोन्महिने कातडीस चोळण्याचे परिणाम काय होत असतील, याचा उल्लेख बाडांत नसतो. तसेंच बिब्ब्याचें. सुश्रुतानें व्रणाच्या साठ उपक्रमांत पांढऱ्या वणास काळें करण्याचें ‘कृष्णकर्म’ सांगितलें असून त्यांत भल्लातक येतो. बिब्ब्यानें कातडी काळी पडते हें आपल्या धोब्यांसही ठाऊक आहे. परंतु ती जळून काळी पडते, आणि ज्याच्या अंगीं कोडाची प्रवृत्ति आहे त्याच्या जखमेच्या जागीं नवें कोड उमटण्याचा संभव असतो. जुन्या योगांचा अभ्यास करावा, प्रयोग करूं नये, असें स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे.

उपचाराची दिरंगाई हा या रोगाचा दुसरा धर्म. दोन-चार दिवसांत गुण देणारें औषध कोडास नाहीं, व कधीं नव्हतें. संहिताकारांनीं सांगितलेली शुद्धि, पथ्य, लेप व ऊन ही साखळी पुनःपुन्हा करावयाची आहे. आणि चरकानेंच प्रांजळपणें म्हटलें आहे कीं, श्वित्र क्वचित् एखाद्याचेंच पूर्ण बरें होतें. अशा रोगांत वैद्य बदलत जातात, आणि पहिल्यानें काय दिलें हें दुसऱ्यास कळत नाहीं. म्हणूनच तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचें (राज्यकाल १७९८ ते १८३२) स्मरण येथें करणें उचित वाटतें. त्यांच्या धन्वंतरी महालांत आयुर्वेद, सिद्ध, युनानी व युरोपीय या चारी पद्धतींचे वैद्य एकत्र काम करीत. सरस्वती महालांत वैद्यकाच्या पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. आणि नेत्ररोग्यांचीं चित्रांसहित लिहिलेलीं रुग्णपत्रकें आजही उपलब्ध आहेत. तीं डोळ्यांचीं आहेत, कातडीचीं नव्हेत. परंतु रोग्याची स्थिति दर खेपेस लिहून व चितारून ठेवण्याची जी ही पद्धति, तीच चिरकारी त्वग्रोगास हवी असते. डाग वाढला कीं घटला हें स्मरणावर ठरवितां येत नाहीं. पेशव्यांच्या रोजनिशींतही वैद्य-हकीमांस दिलेल्या नेमणुका व इनामें आढळतात. पण तेथें वैद्याचें नांव व सनदेची तारीख मिळते, रोग्याचा वृत्तांत मिळत नाहीं.

दहिवलीच्या माणसाचे मार्ग आतां मोजतां येतील. जंगलांतील बोखाडा हाताशीं होता. देशावरून घाटानें उतरणारी बावची बाजारांत मिळे. दक्षिणेस पालीजवळ उन्हेरे येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत, व त्वचेच्या सर्व रोगांवर तेथें स्नानास जाण्याची चाल जुनी आहे. खरजेस त्या पाण्याचा उपयोग होत असेल, पण गेलेला रंग ऊन पाण्यानें येत नाहीं. इ. स. १८५६ त खोपोलीपर्यंत आगगाडी आली, व १८६३ त बोरघाटाचा मार्ग पुरा झाला. तेव्हांपासून मुंबईचे दवाखाने कांहीं तासांच्या वाटेवर आले. इ. स. १८७२ त पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वराच्या नांवानें औषधांचा कारखाना काढला. आजवर घरच्या खलांत होत असलेलें औषध बाटलींत भरून मिळूं लागलें, हा या तालुक्यांच्या वैद्यकांतील मोठाच बदल म्हटला पाहिजे.

मुंबईंत त्या वेळीं त्वग्रोगांसंबंधानें ज्या एका मराठी भाषिक डॉक्टराचें नांव गाजत होतें, तो आमच्या शास्त्राचाही आद्य पुरुष होय. डॉ. भाऊ दाजी लाड हे गोमंतकांतील. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून इ. स. १८५१ त बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक. शिलालेख, नाणीं व पोथ्या यांचे संशोधक. त्यांनीं महारोगावर एक औषध चालविलें व पुष्कळ रोगी तपासले, परंतु औषध गुप्त ठेविलें. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. इ. स. १८७४ त त्यांचें देहावसान झालें, आणि तें औषध म्हणजे कडू कवठाच्या बियांचें तेल होतें हें पुढें उघड झालें. सह्याद्रींत होणाऱ्या या झाडाचें तेल पुढें पुष्कळ वर्षें, नवीं औषधें निघेपर्यंत, महारोगाच्या चिकित्सेंत जगभर वापरलें गेलें. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, तें तेल महारोगावरचें होतें, कोडावरचें नव्हे. परंतु ज्या समाजांत दोन्ही रोगांस एकच नांव होतें, त्यांत एकाचें औषध दुसऱ्यास लावलें जाणें अटळ होतें. शिलालेखाचा ठसा जसाच्या तसा प्रसिद्ध करून इतरांस वाचनाची संधि द्यावी, हा दंडक पाळणाऱ्या पंडितानें औषधाच्या बाबतींत मात्र उलट मार्ग धरावा, हें चमत्कारिक आहे. त्यांच्याच पिढींतील डॉ. सखाराम अर्जुन यांनीं इ. स. १८७९ त मुंबईच्या औषधींची यादी छापून प्रसिद्ध केली, आणि डायमॉक यांनीं पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींवर पुढें जे ग्रंथ लिहिले त्यांत देशी वैद्यांची माहिती खुली झाली. आमचा कल सखाराम अर्जुनांच्या बाजूस आहे.

इ. स. १८७३ त नॉर्वे देशांत हान्सेन यांस महारोगाचा जंतु सांपडला, आणि कोड व महारोग यांतील रेषा कायमची आंखली गेली. कोडांत जंतु नाहीं, बधिरता नाहीं, झडणें नाहीं. परंतु रेषा शास्त्रांत आंखली गेली म्हणजे रस्त्यांत आंखली जातेच असें नाहीं. मुंबईंत भटक्या महारोग्यांचा प्रश्न तीव्र झाला तेव्हां म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनीं १८९० त माटुंगा येथें महारोग्यांचें आश्रयस्थान उभारलें. हेच ते ॲक्वर्थ, ज्यांनीं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह इ. स. १८९१ त इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे प्रसिद्ध केले. आमच्या संग्रहांतून तो ग्रंथ बहुतेकांजवळ आहे. त्याच्या संपादकाचें दुसरें काम मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

त्यानंतर इ. स. १८९८ चा महारोग्यांसंबंधीं कायदा झाला. त्याच्या मूळ व्याख्येप्रमाणें ज्याच्या शरीरांत व्रण पडण्यास सुरवात झाली आहे असाच महारोगी कायद्याच्या कक्षेंत येत असे. सुश्रुताचें लक्षण वाचकांस आठवत असेलच : किलासांतून स्राव होत नाहीं. दोन्ही व्याख्यांचा पाया एकच पडला, आणि पांढऱ्या डागांचा माणूस निदान कायद्यानें बाहेर राहिला. इ. स. १९०१ च्या खानेसुमारींतही महारोग्यांच्या रकान्यांत केवळ पांढरे डाग असलेल्यांस धरूं नये अशी सूचना गणकांस होती. हे आंकडे वापरणाऱ्यांनीं तरीही सावध राहावें. सूचना वाचून ती पाळणारा गणक गांवोगांव होताच असें समजण्याचें कारण नाहीं, आणि ‘कोड’ हा शब्द ज्या प्रांतांत ज्या अर्थानें चालतो त्या अर्थानें तो रकाना भरला गेला असण्याचा संभव आहे. तो कायदा शेवटीं इ. स. २०१६ त रद्द झाला. इ. स. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत असाध्य व उग्र महारोग हें घटस्फोटाचें एक कारण होतें. तें २०१९ त काढून टाकण्यांत आलें. कोड त्यांत नव्हतेंच. पण मनूनें घातलेली वर्ज्य कुळांची यादी सरकारी कायद्यानें पुसली जात नाहीं. ती स्थळें पाहणाऱ्यांच्या मनांत असते. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनीं श्वेता असोसिएशन या संस्थेच्या द्वारें कोड असलेल्या माणसांस एकत्र आणून याच ठिकाणीं काम केलें. आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा मराठी चित्रपट याच प्रश्नावर आहे.

अर्वाचीन चिकित्सेचा विस्तार करण्याचें हें स्थळ नव्हे. सोरालेन देऊन यंत्राच्या जंबुपार किरणांखालीं रोग्यास ठेवण्याची पद्धति १९७४ च्या सुमारास रूढ झाली. १९९७ त हॉलंडांतील वैद्यांनीं सोरालेनावांचून केवळ विशिष्ट लहरीच्या किरणांनींही गुण येतो हें दाखविलें, आणि आज तीच पद्धति अधिक चालते. आठवड्यांतून दोनतीन वेळ असे कित्येक महिने किरण घ्यावे लागतात, आणि निदान सहा महिने झाल्याविना गुण नाहीं असें म्हणतां येत नाहीं. जो डाग वाढावयाचा थांबला आहे त्यावर निरोगी जागेची पातळ त्वचा बसवितात, दिल्लीच्या डॉ. बहल यांनीं हें काम १९६० नंतरच्या दशकांत पुढें आणलें. इ. स. २०२२ त अमेरिकेंत या रोगाकरितां म्हणून एका नव्या मलमास मान्यता मिळाली. परंतु औषध थांबविलें म्हणजे रंग पुन्हा जाण्याची भीति सर्वच उपायांस आहे, म्हणून गुण आल्यावरही आठवड्यांतून दोनदां मलम लावीत राहण्याची रीत कांहीं तज्ज्ञांनीं घातली आहे. चेहऱ्यावरील डाग लवकर ऐकतात, हातापायांच्या टोकांचे ऐकत नाहींत. वाग्भटाची यादी अद्याप पुष्कळशी कायम आहे.

राहतां राहिलीं बाडें. कर्जत व खालापूर या भागांत, तसेंच एकंदर कोंकणांत, जुन्या घरांतून वैद्यकी बाडें निघतात तीं बहुधा मोडी असतात, व त्यांस आदि-अंत नसतो. यादी करतांना ‘कोडास’, ‘श्वेतकुष्ठास’, ‘रक्तपितीस’ व ‘महारोगास’ हे चार मथळे एका ‘कुष्ठ’ या सदराखालीं ढकलण्याची जी संवय पडली आहे, ती मोडली पाहिजे. मूळ शब्द जसा असेल तसा उतरून घ्यावा. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं व शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, हें सर्वांस विदितच आहे. वैद्यकी पानांत याहून मोठी अडचण मापांची येते. तोळा, मासा, गुंज यांपुढें पाव, अर्धा व पाऊण दर्शविणाऱ्या ज्या उभ्या रेघा असतात, त्या नकलकारास दंड वाटतात, किंवा एकाचा आंकडा वाटतात. बावचीपुढची रेघ चुकली तर लेप निकामी होईल. हरताळापुढची चुकली तर चौथ्या हिश्श्याऐवजीं पुरा भाग पडेल. म्हणून छापतांना अशा रेघा देवनागरी आंकड्यांत न बदलतां मूळ आकारांत ठेवाव्या, आणि वाचन द्यावयाचें तें शेजारीं निराळें द्यावें.